तांदळाच्या डब्यातली नळी

चि. बाळ यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. निघण्याच्या आदल्या रात्री तुझी सीडीसी, ते बोटीवर चढायला लागणारे खलाशाचे पुस्तक, घरात सापडेना. तू सगळ्या बॅगा उलट्यापालट्या केल्यास, सूनबाईने कपाटे उपसली, तुझे बाबा खाली जाऊन गाडीची डिकी पाहून आले, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "नीट बघ, इथेच कुठेतरी असेल" असे म्हणत राहिले. रात्री दोन वाजता मीच ती तांदळाच्या डब्यातून काढून तुझ्या हातात ठेवली. त्या वेळी तू जे बोललास ते मी मनात धरलेले नाही. "आई, तू अजून एकाहत्तरच्या ब्लॅकआउटमध्येच बसली आहेस," हे एक वाक्य मात्र राहून राहून आठवते, कारण ते खोटे नाही. माझे चुकले. चाळिशीला आलेल्या, सेकंड इंजिनिअर असलेल्या मुलाचे कागद आईने लपवावेत, याला वेडेपणाशिवाय दुसरे नाव नाही, आणि हे पत्र त्याची माफी मागण्यासाठीच लिहीत आहे.

पत्र मुद्दाम कागदावर लिहीत आहे. सूनबाई त्याचे फोटो काढून तुला पाठवील. तुमचे जहाज कोणत्या वाटेने जाणार आहे, हे या पत्रात एकदाही विचारणार नाही, असे वचन लिहायला बसण्यापूर्वी तुझ्या बाबांना दिलेले आहे.

त्या रात्री तुला एक गोष्ट सांगायला हवी होती, पण तू इतका चिडला होतास की सांगण्यात अर्थ नव्हता. तो पितळी डबा माझ्या आईचा, माईचा आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यात बोटीचे कागद लपवणारी या घराण्यातली मी पहिली नव्हे, हे मात्र तुला ठाऊक नाही. १९७१ च्या डिसेंबरात माईनेही त्याच डब्यात माझ्या वडिलांची, अण्णांची नळी लपवली होती. तुझ्या सीडीसीला अण्णांच्या वेळचे खलाशी नळी म्हणत. फार पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून ते नाव पडले, असे अण्णा सांगायचे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. अण्णा ऑगस्टमध्ये बोटीवरून उतरून घरी आलेले होते आणि रोस्टरवर आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत होते. तेवढ्यात लढाई सुरू झाली.

३ डिसेंबरच्या संध्याकाळपासून शिवडीच्या आमच्या चाळीत दिवे लागेनासे झाले. खिडक्यांच्या तावदानांना काळा कागद लावा असा हुकूम होता, आणि काळा कागद बाजारातून दोन दिवसांत नाहीसा झाला होता. अण्णांनी वाण्याकडून खाकी कागद आणला, जमिनीवर पसरला, त्यावर बुटाचे काळे पॉलिश फडक्याने चोळले आणि मैद्याची खळ करून तो प्रत्येक तावदानाला चिकटवला. खोलीला कितीतरी दिवस पॉलिशचा वास येत होता आणि माईच्या भातालाही तो लागला आहे असे मला वाटायचे. रस्त्यावरच्या मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले असत. भोंगा झाला की चाळीतली पोरे जिन्याखाली जाऊन बसत आणि गल्लीतून वॉर्डन "दिवा बंद करा, तिसरा मजला" असे ओरडत जाई. गिरणीचा भोंगा कोणता आणि विमानांचा कोणता हे आम्हां मुलांना लगेच ओळखता येऊ लागले. माईला ते अखेरपर्यंत जमले नाही. पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला तरी ती उठून देवाजवळ बसायची.

आपल्या नौदलाची खुकरी ही युद्धनौका बुडाल्याचे कळले तेव्हा आमच्या मजल्यावर दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. समोरच्या खोलीतल्या काकूंचा पुतण्या नौदलात होता. तो दुसऱ्या जहाजावर होता आणि सुखरूप होता हे नंतर समजले, पण समजेपर्यंतचे ते दिवस काकू आमच्याच खोलीत, माईच्या शेजारी, भिंतीला टेकून बसून होत्या. दहा वर्षांच्या मुलीला समुद्र म्हणजे काय हे त्या वेळी कळले. त्याआधी तो आम्हांला मे महिन्यात कोकणबोटीतून गावी जाण्याचा रस्ता वाटायचा. गावची आजी १९४७ मध्ये बुडालेल्या रामदास बोटीचे नाव घरात काढू देत नसे, तेही आम्हांला म्हातारीचे खूळ वाटे.

लढाई १७ तारखेला थांबली, आणि आठवड्याभरात अण्णांचा नंबर लागल्याचे कळले. ज्या सकाळी त्यांना सही करायला जायचे होते त्या सकाळी नळी सापडेना. अण्णांनी शोधाशोध केली नाही. त्यांनी माईकडे एकदा पाहिले, डबा खाली घेतला, कोपरापर्यंत हात आत घातला, नळी काढली, तिच्यावरची तांदळाची पांढरी भुकटी धोतराच्या सोग्याने पुसली आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला. ते तिला एक शब्दही बोलले नाहीत. जाताना मला म्हणाले, "तांदूळ संपत आलेत, माईला सांग." एवढेच. तुझ्या बोलण्याशी तुलना करावी म्हणून हे सांगत नाही. तूही फार बोलला नाहीस, आणि जे बोललास त्याला कारण होते. अण्णांनाही कारण होतेच म्हणा.

आता जे सांगणार आहे ते तुला तुझ्या कामामुळे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, तरी ऐक. १९६७ च्या जूनमधल्या अरब-इस्रायल लढाईत सुएझ कालवा बंद झाला आणि १९७५ च्या जूनपर्यंत बंदच राहिला. तो बंद झाला तेव्हा मधल्या खाऱ्या सरोवरात १४ जहाजे अडकली आणि आठ वर्षे तेथेच उभी राहिली. वाळवंटाची धूळ बसून ती पिवळी पडली, असे अण्णा गोष्टीसारखे रंगवून सांगत. आम्हांला त्या गोष्टीचा अर्थ एवढाच होता की, अण्णांची बोट युरोपला जाताना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, केपवरून जाई. मुंबईहून लंडनला कालव्यातून सव्वासहा हजार सागरी मैलांच्या आसपास अंतर; केपवरून ते साडेदहा हजारांच्या वर जाते. त्यात आपल्या सरकारने वर्णद्वेषामुळे दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ पासूनच तोडलेला, म्हणून आपल्या बोटी तेथील बंदरांत लागत नसत. मोंबासा सोडले की खाली जाऊन, टोक ओलांडून, पश्चिमेच्या बाजूने डाकार येईपर्यंत पत्र टाकायला जागाच नाही. भूगोलाच्या पुस्तकातला आफ्रिकेचा नकाशा मी पेन्सिलीने इतका गिरवला होता की, केपच्या जागी कागदाला भोक पडले होते. त्या वळशाला मी मनापासून शिव्या देत असे.

अण्णांना पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, कारण माईला लिहिता येत नव्हते. ती पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि मी पाटावर वही ठेवून लिहायची. "आम्ही सर्व येथे खुशाल आहोत" हे वाक्य पहिले. त्यानंतर पावसाचे, गावच्या आजीच्या गुडघ्याचे, भाऊच्या परीक्षेचे. रेशनच्या दुकानात तीन खेपा झाल्या, हे लिहायचे नाही. कंपनीच्या कचेरीत कारकुनाने सगळ्यांसमोर हसून तिच्यापुढे शाईचा पॅड सरकवला, हे तर मुळीच लिहायचे नाही. अण्णा जाताना पगाराचा काही भाग घरी मिळावा म्हणून अलॉटमेंट करून जात, आणि ती घ्यायला माई दर महिन्याला नेसूची चांगली साडी नेसून बॅलार्ड इस्टेटला जाई. बसचे भाडे वाचवायचे म्हणून परतताना आम्ही चालत येत असू. त्या पॅडच्या दिवशी ती वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने अंगठ्याची शाई राखेने घासली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझी जुनी पाटी काढून म्हणाली, "माझे नाव लिहून दाखव." नाव यायला महिना लागला. पूर्ण पत्र लिहायला दोन वर्षे लागली. त्या पहिल्या पत्रात तिने अण्णांना लिहिले होते, "तुम्ही कधी येणार ते मी विचारीत नाही." वेलांट्या सगळ्या चुकलेल्या होत्या.

हे सांगण्याचे कारण असे की, तू फुजैरा बंदरातून मला अंगठा पाठवलास. मी लिहिले होते, "पोचलास का, जेवलास का, तुमचे पुढचे बंदर कोणते?" आणि त्यावर एक पिवळा अंगठा आला. माईला अंगठ्यावरून पत्रावर यायला दोन वर्षे लागली, आणि तिचा नातू इंजिनिअर होऊन पुन्हा अंगठ्यावर आला. हे विनोदाने लिहीत आहे. रागावू नकोस.

पुढच्या वर्षांचे काय सांगू? १९७२ मध्ये पाऊस गेला. गावाकडून येणारे तांदळाचे बोचके आलेच नाही आणि रेशनवर मिलो मिळू लागला, ती लाल परदेशी ज्वारी. तिच्या भाकरीला चिकटपणाच नसे. माई ती हातावर घेई आणि काठ तुटून परातीत पडत. भाऊ एकदा "ही मी खाणार नाही" म्हणाला. घाटावर लोक खडी फोडून दिवसभराची सुकडी घेऊन घरी जात आहेत, हे माईने त्याला समजावून सांगितले आणि मग त्याच भाकरीचा दुधात काला करून दिला. दूध म्हणजे आरेच्या केंद्रावरचे, काचेच्या बाटलीतले, वर चमचमणारे टोपण असलेले. त्याच्या रांगेत पहाटे उठून पिशवी ठेवायची आणि जिन्यावर डुलक्या काढायच्या, हे माझे काम होते. टोपणे मी जमवत असे आणि दिवाळीच्या किल्ल्यावर त्यांचे तळे करत असे. गावच्या आजीला पाकीट पाठवायचे तर त्यावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे, शरणार्थी सहायता असे छापलेले, बांगलादेशातून आलेल्या लोकांसाठी. तो अधिभार १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत होता. लढाई संपून वर्ष उलटले तरी पाकिटावर ती होतीच, हे मला तेव्हा फार विचित्र वाटे.

रॉकेलचे हाल त्यानंतरचे. १९७३ च्या ऑक्टोबरात तिकडे पुन्हा लढाई झाली, तेलाचे भाव भडकले आणि त्याची झळ आमच्या वातीच्या स्टोव्हपर्यंत येऊन पोचली. साखर, तेल, रवा, सगळ्यालाच रांग. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरुद्धच्या मोर्चाला चाळीतल्या बायका लाटणी-थाळ्या घेऊन निघाल्या तेव्हा माईही गेली. आयुष्यात ती त्या एकाच मोर्चाला गेली, आणि आल्यावर थाळीला पडलेला पोचा किती तरी दिवस कौतुकाने दाखवत होती. अण्णांना ते कळवायचे नाही असे ठरले होते, पण मी पत्राच्या कडेला लिहिले. चार महिन्यांनी उत्तर आले, त्यात अण्णांनी विचारले होते, "कोणती थाळी? माझी काय?"

चार महिने का लागत, तेही सांगते. आमचे पत्र कंपनीने सांगितलेल्या पुढच्या बंदराच्या एजंटच्या पत्त्यावर जाई. ते पोचेपर्यंत बोट पुष्कळदा पुढे गेलेली असे. मग ते बोटीच्या मागे मागे जाई. अण्णांची पत्रेही एकेकटी येत नसत, जुडग्याने येत, आणि त्यांतले सर्वांत नवे सर्वांत वर असे. कोणते आधी वाचायचे यावरून भाऊ आणि मी भांडत असू. माई म्हणायची, आधी नवे वाच, माणूस आहे ना ते कळू दे, मग जुन्यातले काय ते सावकाश वाच. ब्लॅकआउटचा तो पॉलिशचा कागद स्वयंपाकघराच्या वरच्या तावदानावर तसाच राहून गेला होता, त्याला पैशाएवढे भोक पडले होते, आणि त्यातून येणारा कवडसा दुपारी तांदळाच्या डब्यावर यायचा. तो डब्याच्या झाकणावर चढला की दुपारच्या टपालाची वेळ झाली, असा माईचा हिशेब होता. घड्याळ असूनही ती तेच पाहायची. १९७९ मध्ये खोलीला रंग लावला तेव्हा तो कागद खरवडून काढला, त्या दिवशी तिला करमले नाही.

आता तू म्हणशील, आई पुन्हा एकाहत्तरमध्ये गेली. खरे आहे. परंतु एकोणीस दिवसांत तू घरी दोनदा बोललास, आणि त्यातली पाच मिनिटे चिऊबरोबर. वायफाय महाग असते, वॉच असते, बंदरात धावपळ असते, हे मला सगळे समजते. पण आमच्या वेळी चार महिन्यांनी का होईना, दोन पाने भरून मजकूर येत असे, आणि तुमच्याकडे इतकी साधने असून माणसाला साधे एवढे सांगता येऊ नये की बाबा, आम्ही इकडून चाललो आहोत, म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर राहत नाही. पैसा साठव, बंदरात उगाच खरेदी करू नकोस, पाणी पीत जा, इंजिनरूममध्ये कानांवरचे ते काढू नकोस. अण्णांना शेवटी शेवटी उजव्या कानाने काही ऐकू येत नव्हते हे तू पाहिले आहेस. त्यांच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालत आणि तोही गरम होतो म्हणून काढून टाकत. फोन करशील तेव्हा आधी बायकोला कर, मला नंतर.

हे पुन्हा भाषण झाले. खोडणार होते, पण कागद खराब दिसेल म्हणून राहू देते. तुला शिकवण्याचा माझा अधिकार त्या डब्याबरोबर गेला, हे मला कळते.

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, ८ ते २७ तारखेपर्यंत, तेव्हा माई एकदा बॅलार्ड इस्टेटला जाऊनयेऊन चालत गेली आणि पायाला फोड आले, एवढे मला आठवते. टीव्ही मुंबईत ७२ च्या ऑक्टोबरात आला होता, पण आमच्या चाळीत पहिला आला तो खूप नंतर, तळमजल्यावर, आणि दारात चपलांचा ढीग पडायचा. जे लख्ख आठवते ते ७५ चे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ५ तारखेला, सुएझ उघडला. भाऊने वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली, आणि माईने चाळीत साखर वाटली. शेजारच्यांना कळेना की ही कुठल्या देशाच्या कालव्याची साखर. त्याच महिन्याच्या शेवटी आणीबाणी आली, लोक दबक्या आवाजात बोलू लागले, आणि आमच्या घरात मात्र अण्णांची पत्रे लवकर येऊ लागली म्हणून आनंद होता. माणूस किती आपल्यापुरते पाहतो ते यातून समजते. पुढे अण्णांचे पत्र आले की, त्यांची बोट कालव्यातून गेली, दोन्ही काठांना वाळू आणि मोडके लोखंड होते, आणि काठावरच्या सैनिकांनी हात हलवले. त्या पत्रात तीन वेळा लिहिले होते, "आता रस्ता जवळचा झाला." माईने ते पत्र डब्यातच ठेवले होते. तांदळात ठेवले की कागदाला कसर लागत नाही, असे ती म्हणायची.

आता माझी अडचण पाहा. ज्या जवळच्या रस्त्यासाठी आमच्या घरात साखर वाटली, त्याच रस्त्यावरून तू जाऊ नयेस म्हणून मी रोज दिवा लावते, आणि लहानपणी ज्या वळशाला शिव्या दिल्या त्या वळशाने तू जावेस म्हणून गावच्या देवाला गाऱ्हाणे घातले आहे. पुजाऱ्याने विचारले, "मुलगा लवकर परत यावा असेच ना?" मी म्हणाले, "नाही, उशिरा आला तरी चालेल, पण केपवरून." त्याने काय सांगितले असेल देवाला, कोण जाणे.

२०२३ च्या नोव्हेंबरात त्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून माणसे उतरून एक अख्खे जहाज पळवून नेले आणि त्यावरचे २५ जण चौदा महिने अडकून पडले, तेव्हापासून मी त्या बातम्या वाचते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तीन खलाशी क्षेपणास्त्राने गेले, तेही वाचले. तुम्ही म्हणता कंपन्या फार विचार करून वाट ठरवतात, विम्यावाले असतात, नौदले असतात. असतील. २०२३ च्याच डिसेंबरात इकडे आपल्या गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर एका टँकरवर ड्रोन पडले आणि ते जहाज मुंबईला आणून उभे केले होते. तोच समुद्र, आणि महिनाही तोच डिसेंबर. मला वाटले, समोरच्या काकू आज असत्या तर येऊन भिंतीला टेकून बसल्या असत्या.

तुझे बाबा दिवसातून दहा वेळा मोबाईलवर तुमच्या जहाजाची खूण पाहतात, आणि मला दिसू नये म्हणून खिडकीशी जाऊन पाहतात. खूण तीन दिवसांपासून ओमानच्या किनाऱ्याजवळ जेथे होती तेथेच आहे. बाबा म्हणतात, किनारा सोडला की सिग्नल मिळत नाही, त्यात काही नाही. सूनबाई म्हणते, काही भागांत मुद्दामच बंद ठेवतात. त्यावर बाबांनी तिच्याकडे असे पाहिले की ती उठून आत गेली. ओमानहून उजवीकडेही जाता येते आणि सरळ खालीही जाता येते, एवढा नकाशा मला अजून पाठ आहे. मी काही विचारलेले नाही, हे ध्यानात घे.

तुला सेकंडची परीक्षा पास झाल्याचे कळले त्या दिवशी अण्णा होते. त्यांना ऐकू जावे म्हणून मी कानाशी ओरडून सांगितले. त्यांनी तुला जवळ बोलावले आणि विचारले, "आगवाला की तेलवाला?" तू हसलास आणि म्हणालास, "सेकंड इंजिनिअर, अण्णा." त्यांनी पुन्हा विचारले. आयुष्यभर ज्याच्या हाताखाली तेलाची बुदली घेऊन ते धावले त्या माणसाच्या जागी आपला नातू आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. मग त्यांनी माईला सांगितले, "याला खुर्ची दे." घरातल्या घरात, तुला, खुर्ची. ते मी कुणाला सांगितलेले नाही, कारण सांगायला लागले की गळा दाटतो. तू बोटीवर जाऊ नयेस असे मला कधीच वाटले नाही. या एका खेपेला वाटले.

काल मी तो डबा रिकामा करून धुतला आणि उन्हात ठेवला. तांदूळ चाळताना तळाशी चिऊचा पासपोर्टच्या मापाचा फोटो सापडला, शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्या असलेला. तुझ्या सीडीसीच्या कप्प्यातून तो पडला असणार. तू केबिनमध्ये आरशाच्या कडेला लावतोस तोच हा, असे सूनबाई म्हणाली. तू शोधत असशील, म्हणून फार वाईट वाटले. मोबाईलवर त्याचा फोटो पाठवता येतो हे मला कळते, पण आरशाला तो लावता येत नाही. मी तो पुसून पाकिटात घातला आहे आणि पाकिटावर तुझे व जहाजाचे नाव लिहिले आहे. त्याखाली एजंटचा आणि पुढच्या बंदराचा पत्ता लागतो. तेवढी जागा कोरी ठेवली आहे. मी विचारीत नाही. पाकीट टाकायचे आहे, म्हणून तूच काय ते कळव.

तुझी,
आई